मार्कोनीची दुसरी तार

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा आला. उजव्या तळहातावर खोल भाजलेली जखम, डाव्या टाचेवर दुसरी. वीज एका जागेतून शिरली आणि दुसऱ्या जागेतून बाहेर पडली, हे त्या दोन खुणांवरूनच कळत होतं. अशा रुग्णात बाहेरच्या जखमेपेक्षा आतली काळजी जास्त असते. हृदयाचे ठोके चुकत नाहीत ना, लघवीचा रंग गडद होत नाही ना, हे तासातासाला पाहावं लागतं, कारण जळालेल्या स्नायूंचा गाळ मूत्रपिंडात अडकू शकतो. सुदैवानं तसं काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी राउंडला मी विचारलं, नेमकं करत काय होतास? तो ओशाळून म्हणाला की सर, रेडिओची तार बांधत होतो. आजोबांचा जुना रेडिओ त्यानं दुरुस्त केला होता आणि शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्रं ऐकायचा त्याला नाद लागला होता. गच्चीवरून समोरच्या झाडावर दगड बांधून तार फेकली, ती मधल्या विजेच्या तारांवर पडली. तारेचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं.

मलाही हा नाद होता, म्हणून जरा जास्त वेळ त्याच्या खाटेशी थांबलो. त्यानं तार कशी, किती लांब, कुठून कुठे हे सगळं वाचलं होतं. अर्थिंगचं मात्र काहीच केलं नव्हतं, आणि ते कशासाठी लागतं हेही त्याला नीट माहीत नव्हतं. त्याला सांगता सांगता मी मार्कोनीवर आलो, कारण हा सगळा उद्योग ज्या माणसापासून सुरू झाला त्याचं खरं श्रेय वर टांगलेल्या तारेइतकंच खाली पुरलेल्या तारेला आहे.

गुलिएल्मो मार्कोनी २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात जन्मला. वडील जमीनदार, आई ॲनी जेमसन ही आयर्लंडच्या प्रसिद्ध व्हिस्कीवाल्या घराण्यातली. पोराचं शिक्षण घरगुती मास्तरांकडे, तुटक तुटक झालं. विद्यापीठात प्रवेश मिळालाच नाही. बोलोन्याचे प्राध्यापक रीघी शेजारी राहत, त्यांच्या प्रयोगशाळेत डोकावायची मुभा आईनं मिळवून दिली, एवढंच. १८९४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ वारला. त्यानं प्रयोगशाळेत विद्युतचुंबकीय लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या. त्याच्यावरचा लेख वाचताना वीस वर्षांच्या मार्कोनीच्या डोक्यात आलं की या लहरींवर तारायंत्राचे संदेश का जाऊ नयेत? बापाला हे खूळ वाटलं. आईनं गावाबाहेरच्या व्हिला ग्रिफोने या घराचा माळा त्याच्या हवाली केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ठिणगीचं यंत्र हर्ट्झचं होतं. लहरी ओळखणारी, धातूच्या किसाने भरलेली कोहेरर नावाची नळी फ्रान्सचा ब्रान्ली आणि इंग्लंडचा लॉज यांनी घडवली होती. आपले जगदीशचंद्र बोस कोलकात्यात याच काळात याहूनही आखूड लहरींवर काम करत होते. रशियात पोपोव्हनं १८९५ मध्येच ढगातली वीज दुरून ओळखणारं यंत्र दाखवलं. मग मार्कोनीनं काय केलं? १८९५ च्या उन्हाळ्यात त्यानं यंत्राच्या एका टोकाला धातूचा पत्रा जोडून तो खांबावर चढवला आणि दुसरं टोक जमिनीत पुरलं. आधी संदेश बागेच्या टोकापर्यंत जेमतेम जात. आता ते शेतं ओलांडू लागले. पत्रा जितका उंच, तितकं अंतर जास्त. उंची दुप्पट केली की अंतर जवळजवळ चौपट होतं, हा त्याचा ठोकताळा पुढे बरीच वर्षं वापरात राहिला. शेवटी थोरला भाऊ आल्फोन्सो यंत्र घेऊन टेकडीपलीकडे गेला, सोबत बंदूक होती. संदेश पोचला की बार काढायचा असं ठरलं होतं. बार ऐकू आला.

जमिनीत पुरलेल्या टोकाचं एवढं महत्त्व कशाला, असा प्रश्न त्या मुलानंही केला. तारेतून विजेचा प्रवाह वरखाली झुलायचा तर त्याला खालच्या बाजूला कुठेतरी टेकायला जागा हवी. नुसती तार म्हणजे एकाच बाजूची टाळी. ओली जमीन ही दुसरी बाजू पुरवते. घरात तार टांगून ऐकणाऱ्याच्या बाबतीतही तेच. लांब तार लावून दुसरं टोक जमिनीला जोडलं नाही, तर रेडिओ दुसरी बाजू स्वतःच शोधतो आणि ती सापडते घराच्या वायरिंगमध्ये. मग मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवे, टीव्हीचा डबा, सोलरचा इन्व्हर्टर यांची सगळी घरघर केंद्राच्या आवाजात मिसळते. आमच्याकडे वॉर्डात ईसीजीची रेषा कधी कधी बारीक केसाळ येते. नवा इंटर्न घाबरतो, जुनी सिस्टर शांतपणे अर्थिंगची वायर हलवून बघते. भिंतीतल्या वायरिंगची पन्नास आवर्तनांची कुणकुण रुग्णाच्या हृदयाच्या ठोक्यावर चढलेली असते. रेडिओतली घरघर त्याच जातीची.

१८९६ च्या सुरुवातीला आई त्याला घेऊन लंडनला गेली. जूनमध्ये पेटंटचा अर्ज केला आणि टपाल खात्याचे मुख्य अभियंता प्रीस यांनी त्याला हाताशी धरलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात ब्रिस्टलच्या खाडीवर, लॅव्हरनॉकच्या कड्यावरून समोरच्या बेटाशी संदेश जोडायचा होता. उंच खांब उभारले, दोन दिवस गेले, काही ऐकू येईना. तिसऱ्या दिवशी, १३ मेला, ग्राहकयंत्र उचलून कड्याखाली पाण्याशी नेलं आणि खांबाच्या टोकापासूनची तार वीसेक यार्डांनी वाढवून खालपर्यंत आणली. लगेच ठणठणीत संदेश आले. यंत्र तेच होतं, फक्त तार लांबली होती आणि किनाऱ्याशी ओली जमीन मिळाली होती. माझ्या लहानपणी आमच्या घरी रेडिओची अर्थ-वायर वडिलांनी तुळशीवृंदावनाशेजारी पुरली होती. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घाली, माती कायम ओली राही. वडील शाळेत शिक्षक होते, मार्कोनीचा हा किस्सा त्यांना ठाऊक नसावा, पण हिशेब तोच होता.

१८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून झाली, आणि मार्कोनीनं अटलांटिकचा घाट घातला. पृथ्वी गोल आहे, लहरी सरळ जातात, त्या क्षितिजापलीकडे अवकाशात निघून जातील, असं बहुतेक शास्त्रज्ञांचं मत होतं. त्यानं ते मनावर घेतलं नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पोल्डू इथे साठ मीटर उंचीच्या वीस डोलकाठ्यांचं कडं उभारलं. सप्टेंबर १९०१ च्या वादळात ते सगळं जमीनदोस्त झालं. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं जोडीचं केंद्रही नोव्हेंबरमध्ये तसंच कोसळलं. दुसरा एखादा वर्षभर थांबला असता. हा दोन सहायक, काही पतंग आणि फुगे घेऊन कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर गेला.

सेंट जॉन्स बंदरावरच्या सिग्नल हिल टेकडीवर त्याला जागा मिळाली ती साथीच्या रोग्यांसाठी बांधलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या इस्पितळात. डॉक्टर म्हणून मला ही इमारत नेहमी डोळ्यांपुढे येते. खाटा हललेल्या, भिंतींना ओल, बाहेर डिसेंबरचं वारं आणि आत टेबलावर एक यंत्र. इस्पितळाबाहेर जस्ताचे पत्रे पुरून अर्थिंग केलं होतं. वर न्यायची तार पाचशे फुटांची. फुगा वाऱ्यानं तोडून नेला. १२ डिसेंबरला पहिला पतंगही गेला, दुसरा टिकला. तो वाऱ्यावर इतका खालीवर होत होता की नीट जुळवलेलं यंत्र उपयोगी पडेना. म्हणून मार्कोनीनं साधा कोहेरर आणि कानाला टेलिफोनचं श्रवणयंत्र लावलं. दुपारी साडेबाराच्या सुमारास पोल्डूहून पाठवली जाणारी तीन टिंबं, म्हणजे मोर्स लिपीतलं एस हे अक्षर, त्याला ऐकू आलं. त्यानं श्रवणयंत्र सहायक केम्पकडे दिलं, त्यालाही ऐकू आलं. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. मार्कोनी सत्तावीस वर्षांचा होता.

त्या दिवशी वापरलेला पाऱ्याचा कोहेरर इटालियन नौदलाच्या नावानं ओळखला जाई. त्याची रचना जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या उपकरणाशी जुळते, असं संशोधकांनी पुढे दाखवून दिलं. मार्कोनीनं बोस यांचं नाव घेतलं नाही. हे त्याच्या खात्यावर उणेच आहे.

ती टिंबं खरंच ऐकू आली का, यावर अजून वाद आहे. भरदुपारी, त्या लहरींवर, एवढं अंतर कठीणच. कानाला जे ऐकायचं असतं ते खडखडाटातही ऐकू येतं. स्टेथोस्कोप लावून हृदयातली मर्मर शोधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे मी दरवर्षी बघतो. मार्कोनीलाही शंका घेणारे भेटले. दोन महिन्यांनी त्यानं फिलाडेल्फिया या जहाजावर कागदी पट्टीवर संदेश उमटवून घेतले, म्हणजे कानावर विसंबायला नको. त्यात एक चमत्कारिक गोष्ट निघाली. दिवसा संदेश अकराशे किलोमीटरच्या आसपास विरत, रात्री मात्र त्याच्या दुपटीहून लांब पोचत. कारण त्याला उमगलं नव्हतं. त्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी वर वातावरणात विजेचा भार असलेला थर असावा असं सुचवलं. त्या थरावर आपटून लहरी खाली येतात. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याला हे रोज अनुभवाला येतं. सकाळी स्पष्ट येणारं केंद्र दुपारी गडप होतं आणि रात्री दुसऱ्याच जागी दुसरं कोणी बोलू लागतं.

पुढची वर्षं मी भरभर सांगतो. १९०९ मध्ये जर्मनीच्या ब्राउनसोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा तिच्यावरचे दोन्ही बिनतारी कर्मचारी मार्कोनी कंपनीचे होते, आणि सातशेच्या वर माणसं वाचली ती त्यांच्या हाकेमुळे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीत मोटारीच्या अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला. पुढे तो काचेचा डोळा लावून वावरला. फोटोत ते सहसा लक्षात येत नाही.

सगळ्यात रंजक भाग मात्र उतारवयातला आहे. वीस वर्षं त्याची कंपनी लांब लहरींच्या मागे लागली होती. जितकी लहर लांब तितकं अंतर जास्त, असा समज होता. त्यासाठी मैलभर पसरलेल्या तारा आणि प्रचंड वीज लागे. दोनशे मीटरहून आखूड लहरी निरुपयोगी म्हणून हौशी लोकांना देऊन टाकल्या होत्या. या हौशी लोकांनी घराच्या तारा आणि किरकोळ वीज वापरून अटलांटिक ओलांडला. मार्कोनीनं मग आपली एलेत्रा नावाची बोट प्रयोगशाळा म्हणून वापरली. १९२३ मध्ये पोल्डूहून ९७ मीटरच्या लहरीवर पाठवलेले संदेश आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांपर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटरवर पोचले. वीज कमी करत एक किलोवॉटवर आणली तरी ते येत राहिले. पुढच्या वर्षी ३२ मीटरवर बैरूतपर्यंत भरदिवसा ऐकू आलं. आपण इतकी वर्षं चुकीच्या दिशेनं गेलो, हे त्यानं नंतर जाहीरपणे कबूल केलं. पन्नाशीत, नोबेल गळ्यात असताना हे करणं सोपं नसतं.

या शॉर्टवेव्हचा धागा थेट आपल्याकडे येतो. ब्रिटिश साम्राज्यभर आखूड लहरींची, एका दिशेला झोत टाकणारी केंद्रं मार्कोनी कंपनीनं उभारली. त्यातली भारताची जोडी होती पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण. सप्टेंबर १९२७ मध्ये इंग्लंडशी ही सेवा सुरू झाली. पाठवणारं आणि ऐकणारं केंद्र इतकं लांब कशाला, असं मला आधी वाटे. कारण साधं आहे. स्वतःच्याच ओरडण्यात दुसऱ्याचं कुजबुजणं ऐकू येत नाही.

घरच्या तारेलाही हाच नियम. त्या मुलाला मी कागदावर काढून दिलं. तार पन्नास फूट असली तरी पुष्कळ, लहान रेडिओला तर तीस फूटही भरपूर होते. फार लांब तार लावली की त्याला अजीर्ण होतं आणि चार केंद्रं एकदम बोलू लागतात. घरात वापरतो ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी, म्हणजे तार भिंतीला किंवा झाडाला थेट टेकत नाही. वाऱ्यात हलायला थोडी ढिली ठेवायची. घरात शिरण्याआधी खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत येत नाही. तार घराच्या वायरिंगपासून जितकी दूर तितका आवाज स्वच्छ. आणि विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा तुटली तर पडेल इतक्या जवळून ती कधीच न्यायची नाही. हे चुकलं तर कुठलंही अर्थिंग वाचवत नाही, त्याचा हात साक्षीला होताच.

अर्थिंगसाठी तांब्याचा मुलामा असलेली पाच-सहा फुटी सळई ओलसर जागी ठोकायची, तिथून रेडिओपर्यंत जाड वायर शक्य तितकी आखूड आणि सरळ. पूर्वी लोक नळाला वायर गुंडाळत. आता नळ प्लास्टिकचे, त्याचा काही उपयोग नाही. गॅसच्या पाइपला तर हातही लावायचा नाही. भिंतीतल्या प्लगच्या तिसऱ्या भोकात स्वतः वायर खुपसायची नाही. ही सळई आणि घराचं अर्थिंग एकमेकांना जोडायचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनचं. चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सळईच्या नादाला लागू नये, खाली जाणारी ती लांब वायर स्वतःच एरियल बनते आणि सगळ्या इमारतीची घरघर गोळा करते. त्याऐवजी तारेइतकीच दुसरी तार जमिनीलगत पसरून रेडिओच्या अर्थच्या टोकाला जोडावी.

राहिली आकाशातली वीज. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिखमान नावाचा प्राध्यापक छपरावरच्या सळईची तार घरात आणून ढगातली वीज मोजत होता. ती तार जमिनीला जोडलेली नव्हती. वीज त्याच्या कपाळावर उतरली आणि तो जागीच गेला. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात असे रुग्ण येतात. ढग दाटले की तार रेडिओपासून सोडवून घराबाहेरच अर्थच्या सळईला जोडून ठेवायची. त्यासाठी भिंतीबाहेर साधा चाकू-स्विच बसवता येतो. पण हे काम आभाळ स्वच्छ असताना करायचं. गडगडाट ऐकू आल्यावर गच्चीत जायचं नाही, तार राहिली तर राहू दे. थेट पडणाऱ्या विजेपुढे घरगुती कुठलाच बंदोबस्त टिकत नाही. आणि कोणी विजेनं कोसळलाच, तर त्याला हात लावायला भिऊ नका. आकाशातली वीज अंगात साठून राहत नाही. श्वास थांबलेला, मेल्यासारखा दिसणारा माणूस आधी बघायचा, छाती दाबायला लगेच सुरुवात करायची. विव्हळणारे बहुधा जगतात, निपचित पडलेल्यांना आपली गरज असते. विजेच्या खांबावरच्या तारेला चिकटलेल्या माणसाचं मात्र उलट आहे. आधी प्रवाह बंद, मगच हात.

मार्कोनीचं स्वतःचं हृदय १९२७ पासून कुरकुरू लागलं होतं. छातीत कळा येत. त्या काळी डॉक्टरांच्या हातात जिभेखालच्या नायट्रोग्लिसरीनपलीकडे आणि विश्रांतीच्या सल्ल्यापलीकडे फारसं नव्हतं, आणि विश्रांती हा त्याचा स्वभाव नव्हता. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला, १९३० पासून मुसोलिनीच्या इटालियन अकादमीचा अध्यक्ष होता. हे लपवण्यासारखं नाही आणि माफ करण्यासारखंही मला वाटत नाही. १९३१ मध्ये व्हॅटिकनचं शॉर्टवेव्ह केंद्र त्यानंच उभारून दिलं. २० जुलै १९३७ च्या पहाटे रोममध्ये हृदयविकारानं तो गेला, वय त्रेसष्ट. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधली बिनतारी केंद्रं त्याच्यासाठी दोन मिनिटं बंद ठेवली गेली.

तो मुलगा पट्टी बदलायला आठवड्यातून दोनदा येत होता. शेवटच्या खेपेला त्यानं सांगितलं की तार आता घराच्या मागच्या अंगणात, चिंचेच्या झाडाकडे नेली आहे. तिथे वरून विजेची लाइन जात नाही. सळई विहिरीच्या काठी ठोकली आहे. रात्री दहानंतर बरीच केंद्रं येतात. पावसाळ्यात तार ठेवू का काढू, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तार राहू दे, पण मेपासून ऑक्टोबरपर्यंत ऐकणं झालं की रेडिओपासून सोडवायची, आभाळ असो वा नसो. त्यानं ते केसपेपरच्या मागे डाव्या हातानं लिहून घेतलं.